टक्केवारी कमी करू नका, चौकट लहान करा
ओपनक्यूए हे पडद्याचं चित्र नमुन्याशी ताडून ऑपरेटिंग सिस्टिमची चाचणी घेणारं साधन; त्यातलं नमुना-चित्र म्हणजे नीडल. ती वारंवार जुळत नाही म्हणून मॅचची, म्हणजे चित्र किती जुळायला हवं याची, टक्केवारी ९६ वरून ८५ वर आणावी, असा एक सल्ला दिला गेलाय. कृपया तसं करू नका. ओपनक्यूएचा मूळ आकडा ९६ आहे. इन्स्टॉल करताना येणाऱ्या पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडण्याच्या) पडद्यावर तो उतरवला की ‘एक्सटी३’ आणि ‘एक्सटी४’ या फाइल सिस्टिमच्या नावांतला एका अंकाचा फरक सहज निसटतो; टेस्ट हिरवी, डिस्क मात्र चुकीची.

त्यापेक्षा नीडलच्या जेसन फाइलमधली चौकट, म्हणजे चित्राचा ताडायचा भाग, आवळा. माउंट पॉइंट (डिस्कचा भाग जिथे जोडला जातो ती जागा) आणि फाइल सिस्टिमचं नाव, एवढंच पुरे. मध्येच लुकलुकणारा कर्सर येत असेल तर तेवढा भाग ‘एक्सक्लूड’ करा.

खरी खात्री मात्र रीबूटनंतरच. तिथे ‘फाइंडएमएनटी’ ही काय कुठे माउंट आहे ते दाखवणारी कमांड चालवून आउटपुट तपासा. बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचा कोणता सबव्हॉल्यूम (आतला उपविभाग) कुठे माउंट झालाय, तेही त्यात दिसतं.