परभणीहून टाटा हॉस्पिटल (परळ): दादरला उतरावं की सीएसएमटीला?

परभणीकर: वडिलांना (वय 68) देवगिरीनं टाटाला न्यायचंय. त्यांना फार चालवत नाही. लोकल जमंल का, की सरळ टॅक्सी करावी? काम झालं की त्याच रात्री परत निघायचंय.

गोदाकाठ: दादरलाच उतरा. सीएसएमटीला गेलात तर परळ मागं राहतं. दादरचा थांबा थोडाच असतो, म्हणून ठाणं सुटलं की बॅगा दाराशी आणून ठेवा.

बाहेर पडायचं ते पूर्वेलाच. टाटा पूर्वेला आहे, आणि प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाला. पश्चिमेला टॅक्सी धरली तर टिळक पुलावरून उगीच वळसा पडतो. रिक्षा शोधू नका, त्या भागात रिक्षाला परवानगीच नाही. काळी-पिवळी मीटरनं करा. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आहेत. नुसतं ‘टाटा’ म्हणू नका, ‘परळ, टाटा कॅन्सर, केईएमजवळ’ असं सांगा.

जालनेकर: वडिलांसाठी टॅक्सीच बरी. परळ स्टेशनपासून टाटा किलोमीटरभर आहे, वर जिने. सोबतच्या माणसाला मात्र लोकल सोपी: दादरहून सीएसएमटीकडची स्लो, पुढचंच स्टेशन परळ, सेकंड क्लास 5 रुपये. इंडिकेटरवर ‘एफ’ दिसलं तर चढू नका, फास्ट परळला थांबत नाही. पेशंटला लोकलनं न्यायचीच वेळ आली तर दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं. फाईल हातात ठेवा.

परभणीकर: आभारी आहे दादा. काहींना खारघरला पाठवतात म्हणे?

जालनेकर: हो, तिथं टाटाचंच केंद्र आहे. परळहून स्लोनं कुर्ला, तिथं हार्बरची पनवेल लोकल, उतरायचं खारघरला. पुढं रिक्षा मिळते.

गोदाकाठ: परतीला दादरहून चढू नका. दोन-तीन मिनिटांत पेशंट, बॅगा आणि डबा शोधणं, सगळं अंगावर येतं. सीएसएमटीला गाडी उभी असते, निवांत बसवता येतं. तिकीट तिथूनचंच काढा. आणि टाटातून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण सवलत, सोबत्याला 75 टक्के. हे तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर काढायचं, त्यासाठी मूळ फॉर्म जवळ लागतो.