मदत हवी आहे: गावांची नावं जुळत नाहीत, सोमवारी सादरीकरण

उन्हाळी_उमेदवार: कॉलेजच्या उन्हाळी संशोधन उपक्रमात आहे, सामाजिक प्रश्नांवर डेटा सायन्स वगैरे. आमच्या गटाला पाण्याच्या टँकरचा विषय आलाय. आष्टी तालुक्याची टँकरयादी २०११ च्या जनगणनेला जोडायचीय, निम्मी नावं जुळतच नाहीत. पायथनमध्ये सगळं करून पाहिलं. सोमवारी सादरीकरण आहे, प्लीज लवकर!

तात्या_बारामती: सगळं म्हणजे काय काय? आणि आष्टी कुठली, बीडची की वर्ध्याची?

उन्हाळी_उमेदवार: बीड. टँकर म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

वर्धेकर: आमच्याकडे मे महिन्यात येऊन जा एकदा, मग कळेल.

अक्षरवेल्हाळ: यादी एक्सेलमध्ये आहे की पीडीएफ?

उन्हाळी_उमेदवार: पीडीएफ. कॉपी केली की भलतीच चिन्हं येतात, पण ती मी हाताने बरीचशी नीट केलीत.

अक्षरवेल्हाळ: हे आधी सांगायचं ना! फॉन्ट जुना असणार, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव बघ आणि त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापर. हाताने करशील तर रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकणार.

सिएटलकर: टेसरॅक्ट वापर, चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर, मराठी येतं त्याला. इथे वॉशिंग्टन विद्यापीठात असाच दहा आठवड्यांचा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, शिकागोचा त्याआधी २०१३ मध्ये. तिथल्या मुलांनाही आधी डेटाच निवडत बसावा लागतो, तांदळातले खडे निवडल्यासारखा.

अक्षरवेल्हाळ: अक्षरं फाइलमध्ये असताना चित्र काढून परत वाचायचं? द्राविडी प्राणायाम! 'खु.'चं 'रवु.' झालं की बसा शोधत.

सिएटलकर: तुमचे कन्व्हर्टर तरी जोडाक्षरं कुठे धड सोडतात?

तलाठ्याची_लेक: भांडा तुम्ही. उमेदवारा, यादीत वाड्या-वस्त्या आहेत का? टँकरच्या यादीत गावं वेगळी आणि वाड्या वेगळ्या मोजतात. जनगणनेत कोड महसुली गावाला. वाडी त्या गावातच धरलेली, त्यामुळे फॉन्ट कितीही बदल, ती सापडणार नाही. कोणती वाडी कुठल्या गावची, ते आधी लाव. आणि फझी मॅचिंग, म्हणजे साधारण सारखी नावं जुळवणं, केलं असशील तर बु. आणि खु. तपास.

उन्हाळी_उमेदवार: ८५ टक्के साम्य ठेवलं होतं. म्हणजे बुद्रुकचे टँकर खुर्दला गेले??

तलाठ्याची_लेक: गेले असतील. जुळलेली नावंही परत बघ. शिवाय टँकर म्हणजेच टंचाई असं सादरीकरणात लिहू नकोस. ग्रामपंचायतीचा प्रस्ताव, पाहणी, मग मंजुरी, तेव्हा टँकर. सरपंचाने पाठपुरावा केला नाही तर विहीर कोरडी असूनही गाव यादीबाहेर.

वर्धेकर: +१. आमचं गाव असंच.

सुनंदा_ताई: माझा मुलगा बारावीला आहे. डेटा सायन्सला पुढे स्कोप आहे का? की साधं कॉम्प्युटरच बरं?

तात्या_बारामती: ताई, आधी गणिताचे मार्क सांगा.

उन्हाळी_उमेदवार: फॉन्ट सुरेखच निघाला! कन्व्हर्टरने गावं बऱ्यापैकी जुळली, बु.-खु. हाताने तपासतोय. आता वाड्याच उरल्यात. त्यांची गावं कुठे कळतील?

तलाठ्याची_लेक: पंचायत समितीत विचार. आज शुक्रवार, पाच वाजून गेलेत. फोन लाव आधी, इथे नंतर लिही.