"बघू, कळवतो": तुम्हाला मिळालेली गुळमुळीत उत्तरं

चांदणी
काल भाचीच्या स्थळाकडून निरोप आला, "पत्रिकेचं जरा बघतोय, मग कळवतो." आई जागच्या जागी म्हणाली, नकार आहे. मला माझा काळ आठवला. अशाच एका "कळवतो"पायी बाबा गणपतीपासून दिवाळीपर्यंत लँडलाइनपासून हलले नव्हते. मुलाचा साखरपुडा झाल्याचं शेवटी भाजीवाल्याने सांगितलं! तुमचेही येऊ द्या.

खडीसाखर
एकनाड!! एकनाड, म्हणजे पत्रिकेत दोघांची नाडी एकच असली, की नाडीचे 8 गुण जातात, म्हणजे 36 पैकी जास्तीत जास्त 28. आमचे 31 जुळले होते, तरी म्हणे एकनाड आहे. गणित कच्चं पण नकार पक्का 😂

जुना कारकून
आम्ही तर याचाच पगार घेतला. अधिवेशन आलं की तारांकित प्रश्न यायचे. "हे खरे आहे काय?" तर "हे अंशतः खरे आहे." शेवटी "विलंबाची कारणे काय?" तर "प्रश्न उद्भवत नाही." कुठला अंश खरा, ते उपप्रश्नात विचारा. तोवर प्रश्नोत्तराचा तास संपतो.

गच्चीवरून
काका, तुम्हीच का ते! नाल्याबद्दल माहिती अधिकारात विचारलं होतं. 30 दिवस होता होता उत्तर: "कार्यवाही प्रगतीपथावर आहे." अपिलात कळलं, फाइल टेबलावरून हललीच नव्हती.

मेथी
@गच्चीवरून अपिलाला मुदत किती? आमचंही अडकलंय

गच्चीवरून
उत्तर मिळाल्यापासून 30 दिवस. 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. कुकर लावलाय, नंतर बोलते.

अर्धा कप
आमचे टेलरकाका. "झालंच आहे, फक्त काजं-बटणं राहिलीत." कापड अजून पिशवीत, मी डोळ्यांनी बघतेय! एका "नरो वा कुंजरो वा"ने धर्मराजाचा चार बोटं अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. काकांची स्कूटर मस्त चाललीय.

खडीसाखर
😂😂 पण फिटिंग कसं आहे त्यांचं?

अर्धा कप
फिटिंगला तोड नाही, म्हणून तर जाते.

वाटसरू
चांदणी, भाचीला सांग सुटली. आमच्या ताईला "कळवतो"वाल्यांनी वर्षभराने होकार कळवला. तेव्हा ती डोहाळजेवणात बसली होती.

मेथी
फॉल-पिको करतात का ते काका? रविवारी मुंज आहे, साडी तशीच पडलीय

अर्धा कप
करतात की. विचारलंस तर "बघू" म्हणतील.