नष्ट, हरवलेला की हारपलेला मूकपट?

महालकर: मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यासाठी ‘इव्हँजेलिन’वर टिपण लिहितोय. अमेरिकन कवी लाँगफेलोची दीर्घकविता १८४७ची, तिच्यावरचा मूकपट १९१३चा. कॅनडातला पहिला कथापट म्हणून त्याचं नाव घेतात, पण आज त्याची प्रत हाती नाही. ‘नष्ट झालेला मूकपट’ असं लिहिलं आणि तिथेच अडलो. कोणता शब्द वापरू?

धरमपेठ: ‘नष्ट’ नको, तो पुरावा मागतो. २००३च्या पुण्यातल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्या नष्ट झाल्या. ‘गहाळ’ फायलीला शोभतो. फाळक्यांच्या ‘लंकादहन’चा (१९१७) थोडाच भाग उरलाय, त्याला पोथ्यांचा ‘त्रुटित’ हा शब्द मला फार आवडतो. तुमच्यासाठी साधा ‘हरवलेला’ पुरे.

वऱ्हाडकन्या: महालकर भाऊ, ‘हारपलेला’ लिहा ना! माझी आजी अजून म्हणते, “माही चप्पल हारपली.” ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आहे, “हारपलें आपणपें पावे”. म्हणजे हारपलेलं पुन्हा मिळू शकतं.

धरमपेठ: पण ताई, वर्तमानपत्रात ‘मातृछत्र हरपले’ छापतात तेव्हा परत येणं कुठलं? वाचक तोच अर्थ घेईल.

वऱ्हाडकन्या: तो ‘हरपणे’ शोकाचा झाला, खरंय. आमच्याकडे मात्र गाय हारपली की घरातलं कोणी रडत बसत नाही, कंदील घेऊन निघतात. ज्ञानेश्वरीत पुढच्याच चरणात ‘गिंवसावें’ आहे, शोधावं. आपला ‘गवसणे’ त्याच घरातला. आणि ती कविता तरी कशाची आहे? १७५५मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वंशाच्या अकेडियन लोकांना देशोधडीला लावलं, त्यात इव्हँजेलिन आणि गॅब्रिएलची ताटातूट झाली. ती त्याला जन्मभर शोधते. तो भेटतो, पण मरणशय्येवर. शोधाच्या कवितेवरचा चित्रपटच सापडेना, याला दुसरा शब्द कशाला?

बर्डीवाला: एक बारीक दुरुस्ती. कच्च्या खर्ड्यात ‘टाकीजात लागला होता’ असं आहे. आपण नागपूरकर सगळ्याच चित्रपटगृहांना टाकीज म्हणतो, पण तो शब्द बोलपटाचा. आपल्याकडे बोलपट आला १९३१मध्ये, ‘आलम आरा’बरोबर. मूकपटासाठी ‘चित्रगृह’ लिहा.

महालकर: दुरुस्त केलं. शीर्षकही ठरलं, ‘हारपलेली इव्हँजेलिन’. मुद्रितशोधकाला सांगून ठेवतो, ‘हा’चा काना काढू नका.