उबंटू २२.०४ वर अपग्रेड केल्यापासून अपाचे चालूच होत नाहीये

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाचा सर्व्हर उबंटू २०.०४ या लिनक्सवर होता, त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला म्हणून शेवटी काल रात्री २२.०४ वर नेला. अपग्रेड नीट झालं, रीबूट केलं आणि तेव्हापासून अपाचे (साइट दाखवणारा वेब सर्व्हर) उठत नाही, साइट बंद. सिस्टमसीटीएल स्टेटस बघितलं तर लाल अक्षरात नुसतं 'फेल्ड'. अपाचे रीइन्स्टॉल करून झालं, तरी तेच. पुस्तकांची यादी सगळी पीएचपी भाषेतल्या कोडवर चालते आणि सभासदांचे सकाळपासून फोन चालू आहेत. काय करू?

टर्मिनलवाला:
स्टेटसवर काही कळत नाही हो. आधी 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट' (कॉन्फिग फायली तपासणारी कमांड) मारा आणि जे येईल ते पूर्ण इथे टाका, अर्धं नको. आणि रीइन्स्टॉल थांबवा, त्याने कॉन्फिग फायली जशाच्या तशा राहतात त्यामुळे फरक पडणारच नाही.

रात्रपाळी:
दोन गोष्टी आल्या. वर एएच००५५८, सर्व्हरचं नाव ठरवता येत नाही असं काहीतरी. खाली सिंटॅक्स एरर, मॉड्स-एनेबल्ड (चालू मॉड्यूलांचा फोल्डर) मधल्या पीएचपी७.४.लोड फाइलमध्ये, लिबपीएचपी७.४.एसओ लोड होत नाही, फाइलच नाही म्हणे. गूगल केलं तर सगळे सर्व्हरनेम टाका सांगतायत, ते टाकलं, उपयोग शून्य.

टर्मिनलवाला:
५५८ ही नुसती वॉर्निंग आहे, तिच्याने अपाचे कधी अडत नाही. लोक उगाच तिच्याच मागे लागतात कारण ती आधी दिसते. खरी गोची खालची. २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ येतं, ७.४ चं मॉड्यूल निघून गेलं पण त्याची लिंक मॉड्स-एनेबल्डमध्ये तशीच लटकून राहिली. ती काढायला 'ए२डिसमॉड पीएचपी७.४' करा, मग लिबअपाचे२-मॉड-पीएचपी८.१ इन्स्टॉल करा आणि ते चालू करायला 'ए२एनमॉड पीएचपी८.१'. या मॉड्यूलला एमपीएम (अपाचे एकावेळच्या अनेक विनंत्या कशा हाताळतो ते ठरवणारा भाग) प्रीफोर्क प्रकारचं लागतं, इव्हेंट प्रकारचं चालू असेल तर कुरकुर करेल, तेव्हा इव्हेंट बंद करून प्रीफोर्क चालू करायचं. मायएसक्यूएलचं पीएचपी एक्स्टेन्शनही ८.१ चं आहे ना बघून घ्या.

रात्रपाळी:
दादा, आता कॉन्फिगटेस्ट 'सिंटॅक्स ओके' म्हणतंय पण अपाचे तरी उठत नाही!! जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमच्या लॉगमध्ये) एएच०००७२, पोर्ट ८० ला बाइंड होता येत नाही, ॲड्रेस आधीच वापरात.

कोकणकडा:
मध्येच बोलतो. कॉन्फिगटेस्ट फक्त फायली वाचतं, पोर्ट मोकळं आहे का ते बघत नाही. 'सुडो एसएस -एलटीएनपी' करा आणि ८० वर कोण बसलंय बघा. माझा अंदाज एनजिनएक्स, म्हणजे अपाचेसारखाच दुसरा वेब सर्व्हर. कोणीतरी कधीतरी ट्राय करायला टाकलेलं असतं, मग नुसतं स्टॉप करून सोडून देतात, डिसेबल करतच नाहीत. सर्व्हर महिनोनमहिने रीबूट होत नाही तोवर कळत नाही, झाला की ते अपाचेच्या आधी उठून जागा पकडतं. म्हणजे याचा अपग्रेडशी संबंधच नाही, नुसतं रीबूट केलं असतं तरी हेच झालं असतं.

रात्रपाळी:
एनजिनएक्सच निघालं! आधीच्या माणसाने टाकलं असणार. डिसेबल --नाऊ केलं, अपाचे चालू. होमपेज दिसतंय पण शोधाचं पान कोरं येतंय, एरर लॉगमध्ये 'अनडिफाइन्ड फंक्शन ईच' आहे.

टर्मिनलवाला:
ईच हे जुनं फंक्शन पीएचपी ८ मध्ये काढून टाकलंय, तिथे फोरईच लिहा. क्रिएट_फंक्शनही गेलंय, सगळ्या कोडमध्ये एकदा ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारून बघा. बाहेरच्या पीपीएवरून (उबंटूच्या स्वतःच्या नसलेल्या पॅकेजसाठ्यावरून) ७.४ परत टाकायचा मोह होईल, पण त्याचे मूळ सिक्युरिटी अपडेट नोव्हेंबर २०२२ लाच बंद झालेत, सभासदांचे नावपत्ते असलेल्या साइटवर मी तरी ठेवणार नाही.