बुडापेस्टमध्ये व्हासारेली कुठे बघावा? (आणि पेचचा पेच)

उंबरठा:
सप्टेंबरात कामासाठी बुडापेस्टला चाललोय. शनिवार-रविवार मोकळा आहे. लेक अप्लाइड आर्टला आहे, तिचा हुकूम आहे, "बाबा, व्हासारेली बघितल्याशिवाय परत येऊ नका." (व्हासारेली म्हणजे हंगेरीत जन्मलेला चित्रकार.) मला त्याचं फक्त रेनॉ गाडीचं बोधचिन्ह माहीत (१९७२, मुलाबरोबर मिळून केलेलं). त्याचं जन्मगाव पेच, हंगेरीतलंच दुसरं शहर. तिकडेही संग्रहालय आहे म्हणे. जावं का?

काळीमांजर:
आधी ओबुडा, म्हणजे बुडापेस्टचाच एक भाग. बाथ्यानी चौकातून एच-५ उपनगरी गाडी घ्या, सेंटलेलेक चौकात उतरा, समोरच झिची वाड्यात संग्रहालय. १९८७ पासून आहे. त्याने स्वतःच चित्रं देऊन टाकली होती.

सुरुवातीची जाहिरातीची कामं मात्र घाईत ओलांडू नका. सगळे थेट चित्रातून फुगून बाहेर आल्यासारख्या दिसणाऱ्या त्या गोलांकडे धावतात. हा गडी वैद्यकीचं शिक्षण सोडून बोर्टनिक या चित्रकाराच्या बुडापेस्टमधल्या कार्यशाळेत रेखाटन शिकला, १९३० ला पॅरिस गाठलं आणि बरीच वर्षं जाहिरातींवर पोट भरलं. लांबून, क्षणभरात नजर पकडायची, ही पोस्टरवाल्याची खोड पुढे ऑप आर्टमध्येही (आकार-रंगांनी डोळ्यांना चकवणारी चित्रं) सुटली नाही. १९३७ चे झेब्रे आठवा: बाह्यरेषा नाहीच, नुसते काळे-पांढरे पट्टे वळतात आणि त्यातून दोन जनावरं उभी राहतात. लेकीला हे आधी दाखवा.

रिकामा_डबा:
मला तर तासाभरात गरगरायला लागलं. आणि खरं सांगू? पुढेपुढे तेच तेच वाटतं. चौकोन, गोल, रंग बदला, पुढचं चित्र.

काळीमांजर:
@रिकामा_डबा, अहो, तोच तर त्याचा मुद्दा होता! ठरावीक आकार आणि ठरावीक रंग यांची मुळाक्षरं करायची, म्हणजे चित्र कुणालाही जुळवता येईल, छापता येईल, भिंतीवर चढवता येईल. एकमेव मूळ प्रतीचं कौतुक त्याला नव्हतं. पण हो, त्यातून छापील प्रतींचा पूर आला, हे मान्य.

डोंगरवाट:
पेचला जाच. आगगाडीने जवळपास तीन तास, त्यामुळे एक अख्खा दिवस धरा. काप्तालान रस्त्यावर त्याच्या जन्मघरातच संग्रहालय आहे. जवळच चोंतवारी या हंगेरियन चित्रकाराचं संग्रहालय, तेही बघून घ्या. एकदम वेगळा माणूस, भव्य कॅनव्हास. झोल्नाई या चिनीमातीच्या कारखान्याच्या चकचकीत कौलांचं गावही तेच.
सोमवार टाळा, बहुतेक संग्रहालयं बंद असतात.

काळीमांजर:
एक राहिलं. मोबाइलमधून बघू नका. पडद्यावर पट्ट्यांत भलत्याच लहरी उठतात, त्या त्याच्या नव्हेत. चित्रासमोर दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे सरका.

उंबरठा:
ठरलं! शनिवारी पेच, रविवारी सकाळी ओबुडा. लेकीला फोटो हवेत, तिला आता काय सांगू ते सुचवा. गरगरण्यावरची गोळी बरोबर घेतोय.