व्हेरिएंट खेळणारे बुद्धिबळाची नासाडी करतात? उत्तर द्यावंच लागेल

फोंडेकर घोडा

परवा इथे ‘बार्देसचे सर’ यांनी लिहिलं की ऑनलाइन क्रेझीहाऊस, ॲटॉमिक, चेस९६० असे व्हेरिएंट, म्हणजे नियम बदललेले प्रकार, खेळणं ही बुद्धिबळाची नासाडी आणि नवे प्रकार तयार करत बसणारी मोठी माणसं रिकामटेकडी. ‘विश्वचषक हडफड्यात येऊन गेला आणि आमची पोरं घोड्यांचे स्फोट करत बसलीत’ हे त्यांचंच वाक्य, आपल्या गोव्यात हडफड्याला झालेल्या २०२५च्या बुद्धिबळ विश्वचषकाबद्दलचं. गप्प बसून बघितलं, जमलं नाही.

सर, तुम्ही ज्याला खरं बुद्धिबळ म्हणता त्यातला वजीर पूर्वी एक घर तिरका चालायचा. १४७५च्या आसपास स्पेनमध्ये, वालेन्सियाच्या बाजूला, कोणीतरी त्याला आजची ताकद दिली आणि उंटालाही लांब पल्ला मिळाला. त्या काळी तोसुद्धा कोणाचा तरी व्हेरिएंटच होता. प्याद्याची दोन घरांची चाल, किल्लेकोट, सगळं असंच माणसांनी बसून ठरवलेलं आहे.

माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ साली ब्युनोस आयर्समध्ये आपला प्रकार जाहीर केला, तोच हा चेस९६०. कारण साफ होतं: पाठ केलेल्या ओपनिंगखाली, म्हणजे सुरुवातीच्या ठरीव चालींखाली, खेळ गुदमरत होता. मागची रांग चिठ्ठ्या टाकून लावायची, दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढीच अट. मांडण्या होतात ९६०, आणि तुमची नेहमीची मांडणी त्यातलीच एक. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, २०१९ साली याचं अधिकृत जागतिक अजिंक्यपद भरवलं, वेस्ली सो याने तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनला हरवलं. २०२१ साली डॉर्टमुंडला आनंद आणि क्रामनिक हे दोन माजी जगज्जेते किल्लेकोटाशिवायचा सामना खेळले, आनंद जिंकला. आनंदला रिकामटेकडा म्हणाल का?

आता आमच्याबद्दल. आम्ही चार-पाच जण रविवारी जेवणं आटोपली की कॉलवर जमतो. एक बेळगावचा, एक दुबईत, बाकीचे इथलेच. चाल नियमात बसते का हे न तपासणारा नुसता ऑनलाइन पट आम्ही उघडतो आणि आपल्या मनाचा डाव खेळतो. सध्याचा आमचा प्रकार ‘मानस’, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. खाडीकाठच्या खाजन शेताच्या मानशीतून भरतीला पाणी आत येतं तसं पटाच्या चौथ्या-पाचव्या रांगेत पाणी शिरतं. पाण्यातला मोहरा अडकतो, हलत नाही आणि मारताही येत नाही. हत्ती, उंट, वजीर वरून पार जाऊ शकतात, तिथे थांबू शकत नाहीत.

सुरुवातीला दोघांच्या दहा-दहा चाली झाल्या की भरती यायची. बेळगावच्या मित्राने लगेच दाखवलं की असं केलं तर भरतीआधीची शेवटची चाल दर वेळी काळ्याचीच. काळा निवांतपणे घोडा पाण्यात सुरक्षित ठेवतो आणि पांढरा बघत बसतो. मग सुट्या चाली मोजून दर पंधरावीला भरती आणायची ठरलं. आता एकदा शेवटची चाल पांढऱ्याची येते, पुढच्या भरतीला काळ्याची. मग एकाने राजाच पाण्यात नेऊन ठेवला आणि म्हणाला, आता मात करून दाखवा. त्यावर दुसरा नियम झाला: राजाला पाणी वाचवत नाही. हा सगळा विचार बुद्धिबळाचाच आहे. पहिल्या चालीपासून डोकं चालवावं लागतं आणि चौघांना मिळून चालवावं लागतं.

बार्देसचे सर

फोंडेकर बाब, इतिहास मलाही येतो. मी मुलांना शिकवतो, तुम्ही रविवारी करमणूक करता, हा फरक आहे.

माझ्याकडची एक मुलगी, अकरा वर्षांखालील गटातली. तीन महिने घरी क्रेझीहाऊस खेळत होती, मला पत्ता नाही. त्यात मारलेला मोहरा आपल्या हातात येतो आणि पुढे पटावर कुठेही टाकता येतो. स्पर्धेत तिने पंधराव्या चालीच्या आत एफ७ वर, काळ्या राजाच्या शेजारच्या घरात, घोडा बळी दिला. का दिला विचारलं तर म्हणते, ‘सर, राजा उघडा पडला ना.’ राजा उघडा पडला खरा, पण हल्ल्याला टाकायला हातात काहीच नव्हतं. डाव गेला आणि पोरगी जिन्यात रडत बसली. तिच्या आईला कोणी उत्तर द्यायचं? तुमच्या दुबईच्या मित्राने?

आणि या प्रकारांचं आयुष्य किती? कापाब्लांकासारख्या जगज्जेत्याने १९२०च्या दशकात दहा बाय आठचा पट आणि दोन नवे मोहरे सुचवले, एक हत्ती-घोड्याचा, एक उंट-घोड्याचा. आज किती जण खेळतात? अँटीचेसमध्ये, म्हणजे आपले सगळे मोहरे आधी घालवेल तो जिंकतो त्या प्रकारात, पांढरा १. ई३ (राजापुढचं प्यादं एक घर) खेळून जिंकतोच हे २०१६ साली संगणकाने सिद्ध झालं. पहिल्याच चालीला निकाल लागलेला खेळ मुलांनी का खेळायचा?

आपल्या गोव्यात अनुराग म्हामल झाला, भक्ती कुलकर्णी झाली. लिऑन मेंडोन्सा २०२० साली टाळेबंदीत युरोपात अडकला आणि तिथे राहून चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर होऊन परतला. ही मुलं मोहरे फोडून तिथवर पोचलेली नाहीत. पालकांना मात्र सगळं पाहिजे. रेटिंग पाहिजे, मोबाईल पाहिजे, क्लासची फी कमी पाहिजे. वर मीच कडक.

काणकोणची ताई

सर, पालकांवर घसरू नका. काणकोणातून म्हापशाच्या स्पर्धेला पोचायचं तर आम्ही काळोखात उठतो. फेऱ्यांच्या मध्ये मुलाला धरून बसायचं, डाव हरला की परतीच्या बसमध्ये तोंड फिरवून बसलेला सांभाळायचा. वर्षभर हे केलं आणि एक दिवस तो म्हणाला, पुरे झालं. पट कपाटावर गेला.

त्याला परत पटाशी आणलं बगहाऊसने. दोघं विरुद्ध दोघं, आपण मारलेला मोहरा जोडीदाराला द्यायचा. मामेभाऊ पुण्यात, हा इथे, दोघं ऑनलाइन जोडीने बसतात आणि घरभर ओरडा चालतो: घोडा दे, घोडा दे, प्यादं नको! तिथे त्याचं रेटिंग कोणी बघत नाही. आता पुन्हा साध्या स्पर्धेला स्वतःहून नाव देतो. तुमच्या विद्यार्थिनीचं वाईट वाटतं, पण माझा मुलगा याच खेळामुळे परत आला हेही खरं.

मडगाव रात्रपाळी

अँटीचेसचं उत्तर मी देतो. ती सिद्धता संगणकाची आहे, केवढी तरी मोठी. ती पाठ करून खेळणारा माणूस दाखवा. मी रात्रपाळीहून आलो की लिचेस या साइटवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो आणि ई३ चा मारा खाऊनही जिंकतो, कारण पाचव्या चालीनंतर समोरच्यालाही काही आठवत नसतं.

ॲटॉमिकबद्दल सर बोलले, पण नियम बघितला नाही असं दिसतं. मारलं की मारणारा, मरणारा आणि भोवतालच्या आठ घरांतले प्याद्यांखेरीज सगळे मोहरे जातात. म्हणून राजाला स्वतः मारता येत नाही आणि दोन राजे एकमेकांना चिकटून उभे राहू शकतात. चिकटलेल्या राजाला शहसुद्धा बसत नाही, कारण त्याला उडवलं तर आपलाही उडतो. यावर अख्खे एंडगेम, म्हणजे डावाचे शेवटचे टप्पे, उभे आहेत. याला पोरखेळ म्हणायचं?

डिचोलीकर

तुम्ही सगळे इंग्रजी नावांवर भांडताय. आमच्या वडिलांच्या वेळी पडवीत जो डाव रंगायचा तो यातल्या कशात बसतो? प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट नाही. राजाला आयुष्यात एकदा घोड्याची उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याच्या पट्टीत, म्हणजे उभ्या ओळीत, पोचलं तोच मोहरा होणार, हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा. मात प्याद्याने केली तर वडील आठवडाभर सांगत फिरायचे. हा आपला खेळ, आणि तो कोणी शिकवत नाही, ना सर, ना तुमचे रविवारवाले.

पेडणेकर

राजाची उडी होती, पण एकदा शह बसला की ती गेली. तुम्ही अर्धाच नियम सांगितलात.

डिचोलीकर

आमच्याकडे शह बसल्यावरही चालायची. शहातून सुटायला मात्र वापरायची नाही. मी स्वतः खेळलोय.

पेडणेकर

मग तुमच्याकडे चुकीचं खेळत होते. माझे आजोबा सावंतवाडीला बसून खेळायचे, तिथे हा प्रश्नच कोणी काढला नसता. उडी मारताना समोरचा मोहराही मारायचा नाही, रिकाम्या घरातच जायचं.

डिचोलीकर

माझ्या वडिलांना चुकीचं म्हणताना जरा तोंड सांभाळा. सावंतवाडीची रीत डिचोलीला लागू कधी झाली?

मडगाव रात्रपाळी

दोघेही शांत व्हा. अशी उडी अजून जिवंत आहे. कंबोडियातल्या ऊक नावाच्या खेळात राजा आपल्या पहिल्या चालीला घोड्यासारखी उडी मारू शकतो. पायचेस या साइटवर तो खेळता येतो, मी खेळलोय. आपल्याकडे पडवीत बंद पडलेली गोष्ट तिथे कोणीही लॉगिन करून खेळतो.

फोंडेकर घोडा

डिचोलीकर काका, मी तर म्हणतो देशी डाव परत पटावर आणू. फेअरी-स्टॉकफिश नावाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, मोफत आहे. नवा प्रकार असेल तर नियम एका साध्या फाईलमध्ये लिहायचे, मोहरा कसा चालतो ते दोन-चार अक्षरांत सांगायचं. एका घराचं प्यादं, किल्लेकोट बंद, हे सहज होईल. पट्टीप्रमाणे बढती आणि एकदाच मिळणारी उडी कशी बसवायची ते मला बसून बघावं लागेल. पण राजाच्या पट्टीत पोचलेल्या प्याद्याचं काय होतं? आणि समोरच्याकडे नुसता राजा उरला तर तो डाव जिंकलेला धरायचा की बरोबरी? हे लिहून दिल्याशिवाय काम सुरू होत नाही.

पेडणेकर

राजाच्या पट्टीत वजीर. नुसता राजा उरला तर बरोबरी, म्हणून शेवटचं प्यादं मारायचं नाही, ते जपायचं.

डिचोलीकर

वजीर मान्य. बरोबरी पूर्ण नव्हे, अर्धी जीत. चहा हरणाऱ्याने पाजायचा.

बार्देसचे सर

बघा. दोन घरं, एक नियम ठरत नाही. तुमच्या रविवारच्या कॉलवर दर आठवड्याला नियम बदलतो. म्हणूनच जगाला एक नियमपुस्तक लागतं. बाकूचा मुलगा आणि बार्देसचा मुलगा समोरासमोर बसतात आणि कोणाला काही विचारावं लागत नाही. ही गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटते. हडफड्याला २०६ खेळाडू आले होते. पहिल्या दिवशी राजाच्या उडीवर वाद घालत बसले असते तर विजेत्या सिंदारोव्हला चषक मिळाला असता का?

काणकोणची ताई

सर, चषकाला एक नियम लागतो हे कोण नाकारतंय? पण दोन म्हातारी माणसं पडवीतल्या नियमावर भांडताहेत, कारण त्यांनी तो डाव जीव लावून खेळलाय. तुमच्या क्लासात राजाच्या उडीवरून कोणी एवढं पेटून उठेल का?

फोंडेकर घोडा

सर, सुलतान खान तुम्हाला माहीतच आहे. पंजाबात लहानपणी देशी नियमांवर वाढला, पाश्चात्य नियम मोठेपणी शिकला. १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं. ओपनिंग कच्ची, पण मधला डाव आणि एंडगेम असे की भलेभले हरले. फिडेने २०२४ साली, तो गेल्यानंतर इतक्या वर्षांनी, त्याला मानद ग्रँडमास्टर केलं. एका घराच्या प्याद्यांनी त्याचं काय बिघडलं?

बार्देसचे सर

सुलतान खानचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्याची ओपनिंग त्या जुन्या सवयीनेच कच्ची राहिली आणि त्याची किंमत त्याने मोजली. हे तुम्ही सोडून दिलंत.

पण मोहऱ्यांची जागा हळूहळू सुधारायची, घाई न करता दाब वाढवायचा, ही समज त्याला देशी डावातून आली असेल हे मी मान्य करतो. एका घराच्या प्याद्यांनी डाव सावकाश उघडतो. आजची मुलं दहाव्या चालीला इंजिनने सांगितलेलं संपलं की गोंधळतात, त्यांना हे खेळवलं तर फायदा होईल. चेस९६० सुद्धा सुट्टीत चालेल. क्रेझीहाऊसला मात्र स्पर्धेआधीचे दोन महिने माझ्या क्लासात बंदी आहे आणि ती राहील. त्या मुलीचं रडणं मी पाहिलंय, तुम्ही नाही.

मडगाव रात्रपाळी

दोन महिन्यांचं पटलं. सवय लागते हे खरं, मी स्वतः साध्या डावात हातात मोहरा आहे असं धरून चाल खेळलोय. पण बंदी घालताना मुलांना कारण सांगा. कोणत्या प्रकारात त्याग फळतो आणि कोणत्यात का फळत नाही हे दोन्ही पट शेजारी ठेवून दाखवलं, तर एफ७ वरचा घोडा पुन्हा द्यायच्या आधी ती थांबेल.

फोंडेकर घोडा

देशी डावाची फाईल दोन करतो, एक ‘डिचोली’, एक ‘सावंतवाडी’. डिचोलीत शह बसल्यावरही उडी चालेल, सावंतवाडीत जाईल आणि उडीने मारताही येणार नाही. डावाआधी कोणती ते दोघांनी ठरवायचं. अर्ध्या जितीला अर्धा गुण. पेडणेकर, तुम्ही सावंतवाडीचं सगळं लिहून पाठवा, विशेषतः प्यादं पोचलं आणि त्या पट्टीचा मूळ मोहरा अजून पटावरच असेल तर काय करायचं ते. आमच्या बेळगावच्या मित्राच्या मते अशा वेळी प्यादं तिथेच थांबून राहतं.

पेडणेकर

बेळगावकराला सांगा, बरोबर आहे. मोहरा मरेपर्यंत प्यादं सातव्या घरात थांबतं.

डिचोलीकर

सातव्या नव्हे, आठव्या. आठव्यात जाऊन थांबतं आणि तिथे ते मारता येतं.

बार्देसचे सर

तिसरी फाईल करा. आणि रविवारी किती वाजता जमता ते कळवा. मी एकटा येईन, विद्यार्थ्यांना आणणार नाही.